व्हिडिओ गेममधली जागा कशी बांधतात?

(इयत्ता ४ थीच्या एका विद्यार्थिनीचा लेख)



मोबाईलवर गेम खेळताना आपण पळतो, उड्या मारतो, भिंतीआड लपतो. पण ती भिंत कुणी बांधली, तो खड्डा कुणी खणला, असे कधी तुमच्या मनात आले आहे काय? आपल्या शाळेची भिंत गवंड्याने बांधली. तशीच गेममधली भिंतही कुणीतरी बांधलेली असते. ती आपोआप उगवत नाही. खड्डा नेमका तिथेच का, दिवा त्याच कोपऱ्यात का, ह्याचा कुणीतरी बसून विचार केलेला असतो. गेममधल्या अशा एकेका जागेला लेव्हल म्हणतात. ही लेव्हल कशी बनवतात ते मी सांगणार आहे.

चौथीतल्या पोरीला हे कुठून ठाऊक, असे तुम्ही म्हणाल. माझी आतेबहीण पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ती दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली होती. तिने मला दाखवले आणि माझ्या हातानेही करून घेतले. म्हणून ह्या लेखात 'ताई म्हणाली' असे पुष्कळदा येईल.

ताई म्हणाली, चांगल्या लेव्हलमध्ये पाटी लागत नाही. जागाच सांगते, इकडे ये, तिकडे जपून जा. मला आधी हे पटले नाही. मग तिने ओढ्याची आठवण करून दिली. आपल्या ओढ्यात दगड टाकलेले आहेत. 'ह्या दगडावर पाय ठेवा' असे तिथे कुणी लिहिलेले नाही. तरी नवीन पाहुणासुद्धा बरोबर त्याच दगडांवरून येतो. लेव्हल बनवणारा असेच दगड टाकत जातो.

ह्याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण जपानचे आहे. जपानमध्ये निंटेंडो नावाची कंपनी आहे. तिने १३ सप्टेंबर १९८५ रोजी 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ह्या दोघांनी त्याच्या जागा आखल्या. येथे आलेल्या काही पालकांनी लहानपणी टीव्हीला डबा जोडून, कॅसेट घालून हा खेळ खेळलाही असेल. त्या वेळी लेव्हल कागदावर काढत. आपली गणिताची चौकटीची वही असते ना, तसल्या कागदावर पेन्सिलीने. आणि सगळा गेम मिळून ४० किलोबाईट! आज मोबाईलवरचा एक फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत सगळे कोंबायचे म्हणून त्यांनी गंमत केली. गेममधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरे रंगवले की ढग, खाली हिरवे रंगवले की झुडूप. ताईने सांगेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

त्या गेमची पहिली जागा नीट बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो. तोंड उजवीकडे. उजवीकडे मोकळी जमीन. म्हंजे कुणी न सांगता आपण उजवीकडेच जातो. थोडे गेले की वर एक चमकणारी पेटी दिसते, तिच्यावर प्रश्नचिन्ह. आणि समोरून एक तपकिरी, रागीट भुवयांचा प्राणी चालत येतो. त्याचे नाव गूम्बा. त्याला धडकलो की मेलो. पण आत्ता तर सुरुवात केली होती, तेव्हा गेले काय? चार पावले. पुन्हा सुरू करायचे. दुसऱ्या खेपेला आपण उडी मारतोच. उडी त्याच्या अंगावर पडली तर तो चपटा होतो. वरच्या पेटीला डोके लागले तर नाणे निघते. दोन्ही गोष्टी आपल्याला कुणी शिकवल्या नाहीत, तरी आल्या.

पुढची युक्ती तर फारच भारी आहे. एका पेटीतून मश्रूम, म्हंजे आळंबी, बाहेर येते. ती खाल्ली की मारिओ मोठा होतो. पण खेळणाऱ्याला ते कुठे ठाऊक! आत्ताच तसल्याच दिसणाऱ्या गूम्बाने मारलेले असते. मग तो घाबरून पळणार की नाही? म्हणून त्यांनी काय केले, आळंबी आधी उजवीकडे जाते, तिथे एक हिरवा पाईप उभा केलेला आहे, त्याला आपटून ती परत मारिओकडेच येते. घाबरून वर उडी मारली तर वर विटांचे छत आहे, त्याला डोके आपटून मारिओ बहुतेक वेळा तिच्यावरच येऊन पडतो. आणि मोठा होतो! तेव्हा कळते की हे वाईट नाही, चांगले आहे. पाईप तिथे उगीच नाही. छत तिथे उगीच नाही.

लेव्हलच्या शेवटाकडे पायऱ्यांचे दोन जोड आहेत. चढायचे, मधली फट ओलांडायची, उतरायचे. पहिल्या जोडात फटीखाली जमीन असते. पडलो तरी काही होत नाही, परत चढायचे. दुसऱ्या जोडात तीच फट, पण खाली जमीन नाही. नुसता खड्डा. आधी न मरता शिकवले, मग परीक्षा घेतली. मला हे फार आवडले. घटक चाचणी आधी आणि वार्षिक नंतर, तसेच झाले की.

मियामोतो सांगतात की सुरुवातीच्या लेव्हल ते मागाहून बनवतात. आधी पुढच्या मजेच्या जागा बनवायच्या, मग खेळणाऱ्याला तिथवर काय काय यायला हवे ते पाहून पहिली जागा आखायची.

हे मियामोतो १९५२ साली सोनोबे नावाच्या गावी जन्मले. ते क्योटो शहराजवळ आहे. लहानपणी ते रानात, डोंगरात हिंडत. एकदा त्यांना एक गुहा सापडली आणि ते कंदील घेऊन आत गेले. पुढे त्यांनी 'झेल्डा' नावाचा गेम केला, १९८६ साली, त्यात गुहा आहेत आणि हिंडून शोधायचे असते. ते म्हणतात की लहानपणचे ते वाटणे गेममध्ये यावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हंजे बघा, आपण डोंगरात जातो, करवंदे खातो, गुहेत डोकावतो, ते सगळे जपानमधल्या एका मुलानेही केलेले आहे.

ह्या झेल्डाचाच एक नवा गेम २०१७ साली आला. त्यात भलामोठा मुलूख आहे, डोंगर, नद्या, गवत. एवढ्या मोठ्या जागेत कुठली गोष्ट किती लांब ठेवायची, हे कसे ठरवणार? त्या गेमचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचेच. त्यांनी क्योटोचा नकाशा घेतला आणि गेमच्या नकाशावर ठेवून पाहिला. इथून तिथे चालत जायला किती वेळ लागतो ते त्यांना पायांनी ठाऊक होते. मग त्यावरून गेममधली अंतरे ठरवली. आणखी एक गोष्ट. त्या गेममध्ये जागोजाग त्रिकोण वापरले आहेत. डोंगर म्हंजे त्रिकोणच. समोर डोंगर असला की त्याच्यामागचे दिसत नाही. मग माणूस एक तर वर चढतो नाहीतर वळसा घालतो. आणि वळसा घातला की मागून हळूच काहीतरी दिसू लागते, एखादा बुरूज, एखादे देऊळ. खूप मोठे त्रिकोण लांबून खूण म्हणून, मधले त्रिकोण झाकायला आणि लहान त्रिकोण, म्हंजे दगडधोंडे, चालताना कंटाळा येऊ नये म्हणून. आपण खिंडीतून वळल्यावर एकदम तळे दिसते, तेव्हा सहलीत सगळे 'ओऽऽ' करून ओरडतात. अगदी तेच.

आता इंजिनाकडे येऊ. इंजिन म्हटले की आपल्याला विहिरीवरचे ऑईल इंजिन आठवते. गेमचे इंजिन तसले नाही, त्यातून धूर येत नाही. तो एक प्रोग्राम असतो. पण काम थोडे तसेच. ऑईल इंजिन पाणी ओढते म्हणून आपल्याला मोट हाकावी लागत नाही. तसे गेमचे इंजिन पुष्कळ कष्टाचे काम आपण होऊन करते. वस्तू खाली पडली पाहिजे, भिंतीतून आरपार जाता कामा नये, उजेड पडला की सावली पडली पाहिजे, हे सगळे ते सांभाळते. आपण फक्त जागा बांधायची.

मोठमोठे गेम अनरियल नावाच्या इंजिनावर बनतात. पारावर बसून मोठी मुले जो पबजी खेळत, तो अनरियलवरचाच. आणि अभिमानाची गोष्ट अशी की पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला, तोही अनरियलवर. त्यात राजी नावाची मुलगी आपल्या गोलू नावाच्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते. त्यातले वाडे, किल्ले, कमानी राजस्थानातल्यासारखे आहेत. ताईने मला त्याची चित्रे दाखवली. परीक्षा झाल्यावर खेळायला देणार आहे.

पण ताईचा लॅपटॉप जुना. त्याला अनरियल झेपत नाही. म्हणून तिने गोदो नावाचे इंजिन घेतले आहे. ते फुकट मिळते आणि त्याचे आतले सगळे लिखाण कुणालाही वाचता येते. अर्जेंटिना देशातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मानझुर ह्या दोघांनी ते सुरू केले आणि २०१४ साली सगळ्यांसाठी खुले केले. सॅम्युएल बेकेट नावाच्या लेखकाच्या नाटकावरून त्याचे नाव ठेवले आहे. त्या नाटकात दोन माणसे गोदोची वाट पाहतात आणि तो येतच नाही. इंजिनाला असले नाव का ठेवावे! ताई म्हणाली, इंजिन कधी पुरे होतच नाही, काहीतरी करायचे राहतेच, म्हणून.

गोदोमध्ये प्रत्येक गोष्टीला नोड म्हणतात. भिंत एक नोड, दिवा एक नोड, आवाज एक नोड. नोडांचे कुटुंब असते. आईच्या कडेवर मूल असले की आई जाईल तिकडे मूल जाते, तसे घागर हा नोड बाईच्या नोडाखाली ठेवला की बाई चालेल तिकडे घागर जाते. वेगळे सांगावे लागत नाही.

घागर कुठून आली, ते आता सांगते. आम्ही जी लेव्हल बांधली ती आपल्या गावातल्या जुन्या बारवेची. बारव तुम्हांला ठाऊक आहे, पण कुणी आत उतरलेले नाही. नळ आल्यापासून तिच्यात माती, दगड, प्लॅस्टिक पडत गेले आणि आता वरच्या चार पायऱ्या दिसतात, बाकी बाभळी. आम्ही मुलांनी तिकडे जायचे नाही, अशी सक्त ताकीद आहे. पण आमची आजी लग्न होऊन आली तेव्हा सगळा गाव तिथले पाणी पीत असे. ताई म्हणाली, आपण आजीला विचारून बांधू.

आजीला पायऱ्या पाठ होत्या. २८. कुठल्या महिन्यात पाणी कितव्या पायरीला, हेही तिला येते. पायरी किती उंच, विचारले तर म्हणाली, "एक वीतभर." आणि रुंद? "दीड वीत." मी पट्टीने आजीची वीत मोजली, २० सेंटिमीटर भरली. गोदोमध्ये एक म्हंजे एक मीटर असतो, त्यामुळे हिशोब सोपा. २८ गुणिले २०, म्हंजे ५६० सेंटिमीटर, ५ मीटर ६० सेंटिमीटर खोल. हा गुणाकार मी केला.

पहिल्यांदा काहीही सुंदर करायचे नाही, असा ताईचा नियम आहे. नुसते करडे ठोकळे मांडायचे. रंग नाही, दगड नाही, झाड नाही. गवंडी आधी फक्की टाकून पाया आखतो, तसे. कारण सुंदर केलेली भिंत पाडायला जिवावर येते. करड्या ठोकळ्याचे काही वाटत नाही, हवा तसा सरकवा. आम्ही २८ ठोकळे एकाखाली एक लावले, बाजूला भिंती, वर कमान, आणि एफ-पाच नावाची कळ दाबली. ती दाबली की आपण त्या जागेत चालू शकतो.

तर चालणारा माणूस पायरीला अडून उभा! एक पाऊल पुढे जाईना. खऱ्या माणसाला गुडघे असतात, गेममधल्याला नसतात. तो आतून नुसता एक गोळीच्या आकाराचा ठोकळा असतो. मग ताईने सगळ्या पायऱ्यांवर एक घसरगुंडी ठेवली. ती दिसत नाही, पण असते. माणूस घसरगुंडीवरून जातो आणि आपल्याला वाटते पायऱ्यांवरून चालला आहे. हे ऐकून मला जरा फसवल्यासारखे वाटले. पण ताई म्हणते सगळेच असे करतात. फक्त उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर गोदो त्याला भिंत समजते. आमचा उतार आजीच्या विती बरोबर धरल्याने कमीच निघाला.

मग चालण्याचा वेग. गोदो एक तयार लिखाण देते, त्यात माणूस एका सेकंदाला ५ मीटर जातो. मी वहीत करून पाहिले. तासाला १८ किलोमीटर. डोक्यावर घागर घेऊन १८ किलोमीटर! आम्ही तो १ मीटरवर आणला आणि भरल्या घागरीने वर चढताना त्याहून कमी केला. आणि उडी काढून टाकली. तुम्ही मारिओसारखी लेव्हल करणार असाल तर मात्र उडी आधी मोजा. तयार लिखाणात माणूस जेमतेम १ मीटर उंच उडतो आणि हवेत एका सेकंदाहून थोडा कमी वेळ राहतो. म्हंजे साडेचार मीटरचा खड्डा कसाबसा पार होईल. ६ मीटरचा खड्डा ठेवलात तर कुणालाच पार होणार नाही आणि लोक तुम्हांला शिव्या देतील. जागा नेहमी माणसाच्या पायाच्या मापाने बांधावी लागते, सदऱ्यासारखी.

मग डोळा. गेममध्ये कॅमेरा हाच डोळा. तो किती उंचीवर ठेवायचा? आजी उंचीने लहानखुरी, म्हणून आम्ही १ मीटर ४० सेंटिमीटरवर ठेवला. पण आजी एक गोष्ट सांगून गेली, ती कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. ती म्हणाली, "उतरताना घागर कमरंवर आसायची, नजर पायाकडं. चढताना भरली घागर डोईवर. तवा खाली बघताच येत न्हाई. सरळ वर बघायचं."

म्हंजे एकाच जिन्याच्या दोन जागा झाल्या! उतरताना दिसते पायरी आणि खालचे काळे पाणी. चढताना दिसते कमान आणि कमानीतून आभाळ. ताईने लगेच लिहून घेतले. चढताना बाईने कुठे बघायचे, म्हणून आम्ही कमानीच्या बरोबर मध्ये दिसेल असा वर एक कडुलिंब उभा केला. तो होताच तिथे, आजी म्हणते. आमचा कडुलिंब म्हंजे एक नळकांडे आणि वर चार हिरवे गोळे. पण खालून बघितले की खराच वाटतो, आणि पाय आपोआप त्याच्याकडे जातात. झेल्डातला लांबचा डोंगर आणि आमचा कडुलिंब, काम एकच.

ठोकळे बरोबर बसल्यावर मग सजावट. ताईने शाळेच्या कुंपणाच्या काळ्या दगडाचा फोटो काढला आणि ठोकळ्यांना चिकटवला. एका क्षणात बारव दगडी झाली. मी तर टाळ्याच वाजवल्या.

उजेडाचे सांगायला हवे. गोदोमध्ये सूर्यही एक नोड आहे, तो फिरवला की सकाळची संध्याकाळ होते. माणूस नेहमी उजेडाकडे जातो. म्हणून जिकडे न्यायचे तिकडे थोडा जास्त उजेड ठेवायचा. आवाजाचेही असेच. पाण्याच्या थेंबाचा आवाज तळाशी ठेवला की जवळ जाऊ तसा मोठा होतो. शिवाय बारवेत आवाज घुमतो, तो घुमवण्याचीही सोय आहे. त्यासाठी ताईने माझा 'टप्' असा तोंडाचा आवाज मोबाईलवर घेतला. तेव्हा गेममधला थेंब मी आहे.

आणि पारवे! न दिसणारी एक खोली दहाव्या पायरीवर ठेवली आहे. खोली म्हंजे नुसती हद्द. माणूस त्या हद्दीत शिरला की इंजिनाला निरोप जातो आणि इंजिन पारव्यांना उडवते. फडफड आवाज होतो. इंजिन एका सेकंदात ६० वेळा तपासते, कोण कुठे आहे, कोण कुणाला धडकले. आपण 'एक' म्हणेपर्यंत साठ वेळा.

सगळ्यांत महत्त्वाचे काम पुढेच असते. ते म्हंजे दुसऱ्याला खेळायला बसवणे. आणि आपण गप्प बसणे. 'उजवीकडे जा', 'खाली बघ' असे एक अक्षर बोलायचे नाही. कारण गेम लोकांच्या घरी जाईल तेव्हा आपण शेजारी थोडेच बसणार आहोत? आम्ही आजीला बसवले. तिने आयुष्यात लॅपटॉपला हात लावलेला नव्हता. ताई म्हणाली, हेच उत्तम.

आजी वरच्या पायरीवर उभी राहिली आणि हलेचना. मला बोलावेसे वाटत होते, पण ताईने माझा हात दाबून धरला. बऱ्याच वेळाने आजी म्हणाली, "आंधारात कोण उतरंल? खाली पानी दिसत न्हाई." ताईने वहीत लिहिले, खाली फार अंधार. मग तळाच्या पाण्यावर वरून एक कवडसा पडेल असे केले. आजी परत बसली. आता ती उतरली. दहाव्या पायरीला पारवे उडाले तशी ती खुर्चीत मागे सरकली आणि "मेल्यांनो!" म्हणाली. आम्ही खूप हसलो. तळाशी गेल्यावर तिने घागर भरली. वर चढताना मात्र ती काही बोलली नाही. कमानीजवळ आल्यावर थांबली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "इथं मी आन् तुझी थोरली आजी टेकायचो." थोरली आजी म्हंजे तिची जाऊ, ती आता नाही.

माझे बाबा गवंडी आहेत. त्यांना हे सगळे रिकामटेकडे उद्योग वाटत होते. पोरींना गेमचे वेड लागले, असे ते आईला म्हणाले होते. पण आजीच्या मागे उभे राहून बघता बघता ते पुढे आले आणि म्हणाले, "पोरी, ती कमान चुकली. मधला दगड कुठाय? त्याच्याशिवाय कमान उभी राहील काय?" ताई म्हणाली, "मामा, ह्यात दगड पडत नाहीत." बाबा म्हणाले, "बघणाऱ्याच्या डोक्यात पडतात." मग त्यांनी कागदावर कमान काढून दिली, मधला किल्लीचा दगड, दोन्ही बाजूंना पाचपाच. आता आमची कमान बाबांच्या मापाची आहे.

पालकांना वाटते गेम म्हंजे वेळेची नासाडी. काही गेम तसे असतातच, ते मुद्दाम तसे केलेले असतात. पळत राहायचे, रस्ता कधी संपतच नाही, इंजिन पुढे पुढे तेच तुकडे जोडत राहते आणि मध्ये जाहिराती. मला ते आवडत नाहीत. ज्या जागेला शेवट आहे, तीच जागा बघितल्यासारखी वाटते.

आमच्या लेव्हलचे एक काम अजून अडून आहे. संध्याकाळची बारव करायची आहे. त्यासाठी दिवा हवा. भिंतीत एक दिवळी होती आणि तिच्यात रोज सांजेला पणती लावत, एवढे नक्की. पण आजी म्हणते ती उतरताना डाव्या हाताला होती आणि शेजारची काकी म्हणते उजव्या. पणती डावीकडे असली तर सगळ्या सावल्या उजवीकडे पडतील, म्हणून हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवळी तर मातीखाली गेली. ज्या पालकांना किंवा आजीआजोबांना नक्की आठवत असेल त्यांनी चौथीच्या वर्गात येऊन मला सांगावे. मधल्या सुट्टीत मी वर्गातच असते. दिवळी कितव्या पायरीला होती तेही सांगितले तर फार बरे होईल.